पाचवा हिस्सा: तुतिकोरिनच्या स्वदेशी आगबोट कंपनीची गोष्ट

स्वदेशी चळवळीचा पाठ म्हटला की डोळ्यांसमोर ठरलेली चित्रं येतात. परदेशी कापडाची होळी, हातमाग, देशी साबण, देशी काड्यापेटी. या चित्रांत आगबोट सहसा नसते. होळीला एक काडी आणि थोडा जोश पुरतो. आगबोट चालवायची तर भांडवल लागतं, कोळसा लागतो, खलाशी लागतात, रोजचा हिशोब लागतो, आणि तोटा सोसायची तयारीही लागते. म्हणून दक्षिणेतल्या तुतिकोरिन बंदरात १९०६ साली निघालेली एक लहानशी आगबोट कंपनी मला फार महत्त्वाची वाटते. ती जेमतेम पाच वर्षं जगली. पण तिनं आपल्या घटनापत्रात जे लिहून ठेवलं होतं, ते पुरं व्हायला या देशाला पुढची चाळीस वर्षं लागली.

तुतिकोरिनला तमिळ माणूस तूत्तुकुडी म्हणतो. मोती आणि मिठासाठी हे बंदर जुन्या काळापासून प्रसिद्ध. तिथून श्रीलंकेतलं कोलंबो म्हणजे आगबोटीनं साधारण एका रात्रीचा प्रवास. चहाच्या मळ्यांवर जाणारे मजूर, कोलंबोत दुकानं थाटलेले व्यापारी, तांदूळ, कापड, किराणा, सगळ्यांची वाट याच पाण्यातून जायची. आणि ही वाट एका कंपनीच्या मुठीत होती, ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. आपल्याकडची जुनी माणसं तिला नुसतं 'बी.आय.' म्हणत. शंभराहून अधिक आगबोटी बाळगणारी ही कंपनी सरकारी टपाल वाहायची, सरकारचे साहेब तिच्याच बोटींतून फिरायचे. भाडं किती घ्यायचं आणि कोणाचा माल आधी चढवायचा, हे तीच ठरवायची.

या मक्तेदारीला आव्हान दिलं व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी. १८७२ साली ओट्टपिडारम गावात जन्मलेले हे गृहस्थ पेशानं वकील, राजकारणात टिळकांना मानणारे. त्यांनी १६ ऑक्टोबर १९०६ रोजी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी केली. तारीख लक्षात घेण्यासारखी आहे. बंगालची फाळणी अमलात आली ती १६ ऑक्टोबर १९०५ रोजी. बरोबर वर्षभरानं, देशाच्या दुसऱ्या टोकाला, हे उत्तर उभं राहिलं.

घटनापत्रात काय लिहिलं होतं?

कंपनीचं भांडवल ठरलं दहा लाख रुपये. पंचवीस रुपयांचा एक याप्रमाणे चाळीस हजार शेअर. शेअरची किंमत लहान ठेवली, म्हणजे मोठ्या सावकाराबरोबर मध्यम दुकानदारालाही एखाद-दुसरा शेअर घेता यावा. शेअर घ्यायचे ते भारत, श्रीलंका आणि आशियातल्या इतर देशांच्या लोकांनी, हे धोरण होतं. अध्यक्ष होते पालवनत्तमचे जमीनदार पांडित्तुरै देवर, ज्यांनी मदुराईत तमिळ संगम सुरू केला होता. कारभार आणि धावपळ बहुतेक चिदंबरम यांच्या अंगावर.

एरवी आगबोट कंपनीच्या घटनापत्रात काय असतं? माल आणि प्रवासी वाहून नफा मिळवणे. या कंपनीनं तेवढ्यावर भागवलं नाही. तिच्या उद्दिष्टांचा मथितार्थ असा होता: भारतीय, सिंहली आणि आशियाई लोकांमध्ये जहाजाचा धंदा रुजवायचा आणि त्याचा फायदा त्यांच्याच पदरात पडू द्यायचा. त्यांना जहाज चालवायला शिकवायचं. नौकानयनाचं आणि जहाजबांधणीचं शास्त्र विद्यार्थ्यांना शिकवायचं, त्यासाठी शिक्षणाची सोय उभी करायची. जहाजं बांधण्याच्या आणि दुरुस्तीच्या गोद्या उभारायच्या.

म्हणजे जिच्या मालकीची एकही बोट नाही, अशी कंपनी शाळा आणि गोदी यांची योजना लिहून ठेवत होती. कोणी याला शेखचिल्लीचे मनोरे म्हणेल. मला तसं वाटत नाही. ही योजना कुठल्या दुखण्यावर होती ते समजून घेतलं की तिच्यातलं शहाणपण दिसतं.

नाखुदा ते खलाशी

आपण उर्दू-मराठी बोलणाऱ्या लोकांनी हे दुखणं आपल्याच शब्दांत शोधावं. अबुल फझलनं 'आईन-ए-अकबरी'त जहाजावरच्या माणसांची यादी दिली आहे. नाखुदा म्हणजे जहाजाचा धनी. 'नाव' आणि 'खुदा', नावेचा मालक. आपल्या किनाऱ्यावरचा 'नाखवा' तिथूनच आला. मुअल्लिम म्हणजे समुद्राची खोली आणि ताऱ्यांची दिशा जाणणारा, जहाजाला वाट दाखवणारा. मदरशात शिकवणाऱ्यालाही हाच शब्द. मग तांडेल, सरहंग म्हणजे आपला सारंग, आणि सुक्कानगीर, म्हणजे सुकाणू धरणारा. मराठीतलं 'सुकाणू' अरबी 'सुक्कान'च्याच घरातलं. भंडारी, कारकून, सगळे त्या यादीत आहेत.

आता विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आगबोटीवर काय स्थिती होती ते बघा. यादीतला वरचा भाग गोऱ्यांकडे गेला होता. कप्तान गोरा, दिशा बघणारे अधिकारी गोरे, इंजिनाचे मुख्य इंजिनिअर गोरे. आपल्याकडे उरले सारंग, तांडेल, खलाशी, भट्टीत कोळसा टाकणारे आगवाले आणि भंडारी. रत्नागिरीकडच्या कितीतरी मुस्लिम गावांतून पिढ्यान्पिढ्या माणसं 'जहाजावर' गेली, मुंबईत येऊन बी.आय. आणि पी. अँड ओ.च्या बोटींवर चढली. त्यांनी जगातली सगळी बंदरं पाहिली. पण हयात घालवूनही त्यांतला हुशारातला हुशार माणूस सारंगाच्या वर जात नव्हता. त्याला समुद्र कळत नव्हता म्हणून नव्हे. अधिकारी होण्याचं शिक्षण त्याच्यासाठी या देशात नव्हतंच.

दक्षिणेत तेच घडलं होतं. तिथले मरक्कायर मुसलमान शतकानुशतकं दर्यावर्दी व्यापारी. त्यांचं नावच 'मरक्कलम' म्हणजे लाकडी गलबत या शब्दावरून पडलं असं मानतात. शिडाच्या गलबतांचा जमाना मागे पडला आणि ज्यांचं जहाज होतं, ते दुसऱ्याच्या जहाजाचे गिऱ्हाईक झाले. नाखुदा गेला, मुअल्लिम गेला, खलाशी राहिला. तुतिकोरिनच्या कंपनीला मुअल्लिम परत आणायचा होता. भाडं कमी करणं हा तिचा आजचा कार्यक्रम होता. शाळा आणि गोदी हा उद्याचा. बोट विकत मिळते, पण ती चालवणारा आणि बांधणारा माणूस घरचा नसेल तर मालकी कागदावरच राहते, हे तिच्या संस्थापकांनी ओळखलं होतं.

पैसा कोणी घातला?

कंपनी निघाली तेव्हा तिच्या मालकीची बोट नव्हती. मुंबईच्या शाह लाइन कंपनीकडून भाड्यानं बोटी घेतल्या. बी.आय.नं दबाव आणला आणि तो करार मोडला. मग कोलंबोहून एक बोट भाड्यानं मिळवून फेऱ्या चालू ठेवल्या. यातून चिदंबरम यांनी एकच धडा घेतला, की उसनी बोट कधीही काढून घेतली जाऊ शकते. स्वतःची हवी.

त्यासाठी रोख रक्कम हवी. आणि इथे एक नाव येतं, ज्याच्यासाठी मुख्यतः मी हा लेख लिहितो आहे. हाजी मोहम्मद फकीर सेठ. तमिळ लिखाणात 'पक्कीर सेट' असा उच्चार आढळतो. या व्यापाऱ्यानं कंपनीचे आठ हजार शेअर घेतले. पंचवीस रुपयांप्रमाणे दोन लाख रुपये. चाळीस हजारांतले आठ हजार, म्हणजे ठरलेल्या भांडवलाचा पाचवा हिस्सा एका मुसलमान व्यापाऱ्यानं उचलला. १९०६ सालचे दोन लाख.

ही देणगी नव्हती. देणगी दिली की माणूस मोकळा होतो, वर्तमानपत्रात नाव छापून येतं. शेअर घेणं म्हणजे बुडालो तर बरोबर बुडू, असं लिहून देणं. समोर कोण आहे हे त्या व्यापाऱ्याला माहीत नसेल असं नाही. ज्या पाण्यात बी.आय. बसली आहे, ज्या बंदरात कलेक्टरची मर्जी चालते, तिथे त्यानं हे पैसे लावले. सोबत कोण होतं? अध्यक्ष देवर, कारभारी पिळ्ळै. धर्म वेगळा, जात वेगळी, धंदा वेगळा. एकतेवर भाषणं पुष्कळ झाली आहेत; शेअरच्या नोंदवहीत दिसणारी एकता मला जास्त भरवशाची वाटते, कारण तिथे शब्दाला रक्कम जोडलेली असते.

हेच ते वर्ष, ज्याच्या अखेरीस ढाक्यात मुस्लिम लीगची स्थापना झाली. आपल्याकडे १९०६ म्हटलं की तेवढंच आठवतं. बंगालची फाळणी, लीग, मग विभक्त मतदारसंघ, अशी एक सरळ रेघ ओढली जाते आणि तिच्या टोकाला १९४७ ठेवलं जातं. त्याच वर्षी, दोन महिने आधी, तुतिकोरिनला हिंदू आणि मुसलमान मिळून एक कंपनी काढत होते, ही घटना त्या रेघेवर बसत नाही, म्हणून ती पाठातून गळते. दोन्ही घटना खऱ्या आहेत. विद्यार्थ्याला दोन्ही कळायला हव्यात.

भाड्याची लढाई

उरलेलं भांडवल जमवायला चिदंबरम मुंबई आणि इतर शहरांत हिंडले. निघताना त्यांनी शपथ घेतली असं सांगतात, की परतेन तो जहाज घेऊनच, नाहीतर समुद्रात जीव देईन. टिळकांची मदत त्यांना झाली. १९०७ साली एस.एस. गॅलिया आणि फ्रान्सहून मिळवलेली एस.एस. लावो अशा दोन आगबोटी कंपनीच्या मालकीच्या झाल्या. तुतिकोरिनच्या धक्क्यावर लोकांची गर्दी लोटली.

मग सुरू झाली भाड्याची लढाई. बी.आय.नं कोलंबोचं भाडं एक रुपयावर आणलं. स्वदेशीनं आठ आणे केलं. तेव्हा बी.आय.नं फुकट न्यायची तयारी दाखवली; वर प्रवाशाला एक छत्री भेट, असंही सांगितलं जातं. ज्याला बुडायची भीती नाही, त्याला हे परवडतं. शंभर बोटींवर कमावलेलं एका मार्गावर उधळलं तरी त्याचा हिशोब बिघडत नाही. लहान कंपनीचा एकच मार्ग असतो; तिथलं नुकसान म्हणजे सगळ्या कंपनीचं नुकसान. तरीही काही काळ लोक पैसे देऊन स्वदेशीनं जात राहिले. फुकटची बोट धक्क्याला लागलेली असताना खिशातले आठ आणे काढून दुसऱ्या बोटीत चढणाऱ्या त्या मजुरांची आणि दुकानदारांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत.

जे भाड्यानं झालं नाही ते सरकारनं केलं. १९०८च्या फेब्रुवारीत तुतिकोरिनच्या कोरल मिलमधल्या कामगारांनी संप केला, चिदंबरम त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १२ मार्च १९०८ रोजी त्यांना अटक झाली. ७ जुलैला राजद्रोहाखाली दोन जन्मठेपा, मिळून चाळीस वर्षं. त्याच महिन्यात, २२ जुलैला, मुंबईत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. अपिलात चिदंबरम यांची शिक्षा कमी झाली, पण तुरुंगात बैलाच्या जागी जुंपून त्यांच्याकडून तेलघाणा ओढवला. १९१२च्या अखेरीस ते सुटले तेव्हा कंपनी उरली नव्हती. १९११मध्ये ती मोडीत निघाली होती. बोटी विकल्या गेल्या. गॅलिया तर प्रतिस्पर्ध्याच्याच हाती गेल्याचं सांगतात. वकिलीची सनद आधीच गेलेली. पुढची वर्षं त्यांनी हलाखीत काढली, आणि १८ नोव्हेंबर १९३६ रोजी तुतिकोरिनमध्येच त्यांचं निधन झालं. आज तिथलं बंदर त्यांच्या नावानं ओळखलं जातं.

चुकलं कुठे, आणि टिकलं काय?

अशा गोष्टी आपण दोन प्रकारे सांगतो. एक तर शहीद करून टाकतो, म्हणजे चूक शोधायची सोय राहत नाही. नाहीतर 'भावनेवर धंदा चालत नाही' असं म्हणून हात झटकतो. दोन्ही आळस आहेत.

कंपनीत उणिवा होत्या. एकच मार्ग, दोनच बोटी, पडता काळ काढायला पुरेशी गंगाजळी नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सगळा भार एका माणसावर. संपाच्या सभेत तोच, शेअर विकायला तोच, बोटी आणायला तोच. तो तुरुंगात गेला आणि कंपनी पोरकी झाली. दीर्घ पल्ल्याची योजना घटनापत्रात होती, पण ती सांभाळणारी दुसरी फळी तयार व्हायला सवडच मिळाली नाही.

याच्या शेजारी आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांची सिंदिया कंपनी ठेवून बघा. नरोत्तम मोरारजी आणि इतर भागीदारांसह ती १९१९ साली निघाली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली; राष्ट्रीय सागरी दिन आपण त्याच तारखेला पाळतो. तिच्यावरही भाड्याचं हत्यार चाललं. पण तिच्यामागे मुंबईचं मोठं भांडवल होतं. १९२३ साली तिनं बी.आय.च्या गटाशी दहा वर्षांचा करार केला, त्यात आपल्या वाढीवर मर्यादा मान्य केल्या. हा करार मानहानीचा होता, असं तेव्हाही अनेकांना वाटलं. पण कंपनी जगली. १९३७ साली ती हजच्या वाहतुकीत उतरली तेव्हा मुंबई बंदरावर पुन्हा तीच लढाई झाली. समोर होती मोगल लाइन. ती १८७७ साली मुंबईत निघालेली, पण तोवर तिचा कारभार इंग्रजी पेढीच्या हातात गेलेला. हाजींसाठी भाड्याची चढाओढ लागली. तुतिकोरिनचं नाटक, नवे नट.

आता १९०६चं ते घटनापत्र पुन्हा उघडू. नौकानयनाचं शिक्षण? मुंबईत 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज १९२७ साली सुरू झालं आणि हिंदी मुलं अधिकारी होण्यासाठी शिकू लागली. एकवीस वर्षांनी. आधुनिक जहाजबांधणीची गोदी? सिंदियानं विशाखापट्टणमला काढली; २१ जून १९४१ रोजी राजेंद्र प्रसादांनी पायाभरणी केली. देशी गोदीत बांधलेलं मोठं जहाज? 'जलउषा', १४ मार्च १९४८ रोजी त्याच गोदीतून पाण्यात उतरली, जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते. बेचाळीस वर्षांनी. म्हणजे योजना चुकीची नव्हती. ती ज्यांनी लिहिली त्यांच्या हातून पुरी झाली नाही, एवढंच.

आज कोकणातल्या त्याच गावांतली मुलं अधिकाऱ्याचे गणवेश घालून जहाजावर जातात. त्यांच्या आजोबांना सारंगाच्या वरची पायरी बंद होती, हे त्यांतल्या अनेकांना माहीतही नसतं. ती पायरी उघडायचा विचार घटनापत्रात लिहिणारी एक कंपनी होती आणि तिच्यात पाचवा हिस्सा एका हाजीचा होता, हे त्यांना कोणी सांगायचं?

आपल्या समाजातही संस्था निघतात. शिक्षणसंस्था, पतसंस्था, ट्रस्ट. प्रत्येकीच्या घटनेत सुंदर उद्दिष्टं असतात, बहुतेक वेळा नोंदणी कार्यालयासाठी कोणाच्या तरी घटनेवरून उतरवलेली. पाच-दहा वर्षांनी ती घटना काढून वाचायची पद्धत नाही. एका माणसाच्या खांद्यावर संस्था उभी असते, आणि तो गेला की कुलूप लागतं. तुतिकोरिनच्या कंपनीकडून घ्यायचंच झालं तर दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, तिची उद्दिष्टं लिहिण्याची हिंमत: आजच्या कमाईबरोबर उद्याचा मुअल्लिम कुठून येणार, हेही लिहून ठेवणं. दुसरी, तिच्या पडण्यातला इशारा: संस्थेची गंगाजळी आणि दुसरी फळी पहिल्या दिवसापासून उभी करणं.

आणि स्वातंत्र्यलढ्यात मुसलमानांचं योगदान सांगताना आपण नावांच्या याद्या वाचतो, कोण फाशी गेलं, कोण तुरुंगात गेलं. त्या याद्या हव्यातच. त्यांत एक रकाना आणखी वाढवावा, कोणी हिस्सा उचलला. तिथे पहिलं नाव तुतिकोरिनच्या या हाजींचं लिहायला हरकत नाही.